पोटविकार, यकृत आणि सहा महिन्यांची अट : पार्श्वभूमी

पोट आणि यकृताचे विकार पाहणारा स्वतंत्र विभाग रुग्णालयात उभा राहिला, त्याला मुख्यतः दुर्बीण कारणीभूत आहे. ताठ नळी घशातून जठरात उतरवण्याचा प्रयत्न १८६८ मध्येच झाला होता, पण काचतंतूंची लवचिक दुर्बीण १९५७ मध्ये आली आणि पुढच्या दोन दशकांत कामाचे स्वरूपच पालटले. १९६८ मध्ये पित्तनलिकेच्या तोंडाशी पोहोचून तिचे चित्र घेता आले, १९६९ मध्ये मोठ्या आतड्यातला मांसल कोंब दुर्बिणीतूनच कापून काढला गेला आणि १९७४ पासून पित्तनलिकेतले खडे पोट न उघडता काढता येऊ लागले. निदान करणारा हातच उपचार करू लागला. यकृताच्या बाबतीत सुईने तुकडा काढण्याची झटपट पद्धत १९५८ ची, तर यकृत किती कडक झाले आहे हे बाहेरून कंपने सोडून मोजण्याची पद्धत २००३ नंतर रुळली.

उपकरणे अशी भराभर बदलली. रुग्णाकडे पाहण्याची नजर मात्र फार सावकाश बदलली. या क्षेत्रात एक जुनी खोड दिसते : आजाराचे कारण सापडत नसेल, किंवा उपचार महाग आणि दुर्मीळ असेल, तर दोष रुग्णाच्या वागण्यात शोधायचा. यकृत प्रत्यारोपणाआधी सहा महिने दारू सोडण्याची अट हे तिचेच एक रूप.

जठरातल्या आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अल्सरचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. काळजी, राग, अवेळी जेवण अशी कारणे सांगितली जात. आम्ल कमी व्हावे म्हणून जठराकडे जाणारी नस कापत, प्रसंगी जठराचा भागही काढून टाकत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ल रोखणाऱ्या गोळ्या आल्या. त्यांनी आराम पडे, पण गोळ्या थांबवल्या की अनेकांचा अल्सर परत येई. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा डॉक्टरांनी जठरातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तो वाढला, कारण ईस्टरच्या सुट्टीमुळे जंतू वाढवायच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या. जंतू असलेल्या प्रत्येक अल्सर रुग्णाला प्रतिजैविके द्यावीत, असे अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने म्हटले तेव्हा १९९४ उजाडले होते. मधल्या १२ वर्षांत किती जणांना ‘टेन्शन घेऊ नका’ एवढाच सल्ला मिळाला असेल! शोधाला २००५ मध्ये नोबेल मिळाले, तरी तो सल्ला अजून ऐकू येतो.

फॅटी लिव्हरचेही, म्हणजे यकृतात चरबी साठण्याचेही, तसेच झाले. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली दारू पिणाऱ्याचा वाटावा आणि रुग्णाने ‘मी घेत नाही’ म्हणावे, तर अविश्वास रुग्णावरच. १९८० मध्ये अशा २० रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि दारूशिवायही हेच चित्र दिसते हे मान्य होऊ लागले. लठ्ठपणा आणि मधुमेहाशी असलेले त्याचे नाते आज वेगळे सांगायला नको.

पण खरी परीक्षा झाली ती जे खरोखरच दारू पीत होते त्यांच्या बाबतीत. माणसातले पहिले यकृत प्रत्यारोपण १९६३ मध्ये झाले, एक वर्षाहून अधिक जगलेला पहिला रुग्ण १९६७ चा. १९८० च्या सुमारास शरीराने अवयव नाकारू नये म्हणून चांगले औषध मिळाले आणि १९८३ मध्ये अमेरिकेतल्या परिषदेने प्रत्यारोपण हा प्रयोग नसून उपचार आहे, असे जाहीर केले. मग प्रश्न आला : यकृते थोडी, रांग मोठी, तर कुणाला द्यायचे? १९९७ मध्ये तिथल्याच तज्ज्ञांच्या बैठकीतून, दारूमुळे यकृत निकामी झालेल्याने रांगेत येण्याआधी सहा महिने दारू सोडलेली असावी, ही अट पुढे आली आणि जगभर पसरली.

अटीमागे दोन कारणे होती आणि ती वेगळी ठेवायला हवीत. पहिले वैद्यकीय : दारू थांबल्यावर सिऱ्होसिसच्या (यकृत कडक होऊन आकसण्याच्या आजाराच्या) काही रुग्णांचे पोटातले पाणी ओसरते, कावीळ उतरते, प्रत्यारोपणाची गरजच उरत नाही. हे आजही खरे आहे. दुसरे कारण म्हणजे सहा महिने टिकला तो पुढेही टिकेल, हा अंदाज. त्याला भक्कम आधार कधीच नव्हता. दारू किती वर्षे आणि किती होती, घरातून आधार आहे का, सोबत मानसिक आजार आहे का, यांचा प्रभाव मोठा असतो. सहा हा आकडा त्यातून निघत नाही.

दारूमुळे यकृताला आलेल्या तीव्र सुजेत ही अट सर्वाधिक क्रूर ठरली. या रुग्णांना स्टेरॉइड देतात आणि सातव्या दिवशी बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे रक्तातले पिवळे द्रव्य, उतरते का ते पाहतात. न उतरल्यास पुढच्या काही महिन्यांतच बहुतेक जण दगावतात. त्यांना सहा महिने थांबा म्हणणे म्हणजे ‘नाही’ म्हणणेच होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रान्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी असे २६ रुग्ण अतिशय पारखून निवडले आणि न थांबता प्रत्यारोपण केले होते. सहा महिन्यांनी त्यांच्यातले ७७ टक्के जिवंत होते, तशाच पण प्रत्यारोपण न झालेल्यांतले २३ टक्के. तिघे पुढे पुन्हा प्यायले.

विरोधकांची भीती पोकळ नव्हती. दान केलेले यकृत दारूत गेले असे लोकांना वाटले तर दानच आटेल, आणि दुसऱ्या आजाराने रांगेत थांबलेल्यावर अन्याय होईल, असे ते म्हणत. २०२२ मध्ये आलेल्या फ्रान्स-बेल्जियमच्याच मोठ्या अभ्यासात लवकर प्रत्यारोपण झालेल्यांपैकी सुमारे ३४ टक्के पुन्हा प्यायले, सहा महिने थांबलेल्यांपैकी २५ टक्के. जास्त प्रमाणात पिणारेही पहिल्या गटात अधिक होते. दोन वर्षांनंतर जिवंत राहण्याचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. मला यातला २५ टक्क्यांचा आकडा अधिक बोलका वाटतो : थांबलेल्यांतही चौथा हिस्सा परत प्यायला, म्हणजे अटीने निवड नीट केलीच नव्हती.

हीच खोड हेपटायटिस सी या विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजारातही पुन्हा दिसली. विषाणू १९८९ मध्ये सापडला आणि २०१४ च्या सुमारास १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होऊ लागले. तरीही अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या सरकारी विमा योजनांनी गोळ्या देण्याआधी दारू आणि अमली पदार्थ सोडल्याचा पुरावा मागितला. संसर्ग पसरवण्याची शक्यता ज्यांच्याकडून जास्त, त्यांनाच उपचार शेवटी. पुढे अनेक राज्यांनी ही अट मागे घेतली.

प्रत्यारोपणाच्या बाबतीत, केवळ ठरावीक मुदत पाहून रुग्ण नाकारू नये, असे २०१९ पासून अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. त्याऐवजी हा यकृत बिघडण्याचा पहिलाच प्रसंग आहे का, रुग्णाला स्वतःच्या व्यसनाची जाण आहे का आणि घरचे सोबत आहेत का, हे पाहिले जाते. यकृततज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक मिळून निर्णय घेतात. गेल्या काही आठवड्यांत दारू घेतली होती का हे सांगणारी रक्ततपासणी आता असते, त्यामुळे केवळ रुग्णाच्या शब्दावर किंवा डॉक्टरच्या संशयावर विसंबावे लागत नाही. तरीही सहा महिन्यांची अट अनेक केंद्रांनी सोडलेली नाही, आणि एकाच रुग्णाला एका केंद्रात ‘हो’ तर दुसऱ्यात ‘नाही’ ऐकावे लागते.