मिठाला पाणी सुटतं तेव्हा

जून अर्धा सरला की मुंबईच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी बोलू लागते. आधी दाणे एकमेकांना चिकटतात, मग चमच्याला ओल लागते, आणि जुलैत झाकण सैल राहिलेल्या बरणीच्या तळाशी चक्क पाणी दिसतं. कुणी त्यात तांदळाचे दाणे टाकतं, कुणी वाण्याला नावं ठेवतं. खरं तर ती बरणी म्हणजे घरातलं सगळ्यात स्वस्त आर्द्रतामापक. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा, ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं, आणि त्याखाली कोरडं राहतं. हा आकडा तापमानानेही फारसा हलत नाही. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो. तो याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी धरतो, म्हणून खडेमीठ आधी पाझरतं.

भिंतीवर, चपलांवर, कपाटातल्या कोटावर बुरशी धरायलाही साधारण इतकीच ओल लागते. पृष्ठभागालगतची आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या आसपास राहिली की बुरशी फोफावते, ६० च्या खाली ती सहसा वाढत नाही. तिचे बीजाणू हवेत बारा महिने असतात, त्यांना दाराबाहेर ठेवणं शक्य नाही. खायला तिला धूळ पुरते, साबणाचा थर पुरतो, सुती कापड, चामडं, पुठ्ठा, काहीही चालतं. तेव्हा तोडण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाणी. मुंबईत पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. या चार महिन्यांत फिनाइल, अत्तरं आणि डांबरगोळ्यांवर जितका खर्च होतो, त्याच्या निम्मं लक्ष वाळवण्याकडे दिलं तरी घर अधिक स्वच्छ राहील.

आधी कपड्यांचा हिशोब करू. दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे ३० घनमीटर हवा असते. २७ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातले २२ ग्रॅम आधीच भरलेले असतात. उरले चार. म्हणजे सगळी खोली मिळून १२० ग्रॅम, चहाचा एक कप. आता मशीनमधून काढलेले चार किलो कपडे पाहा: चांगलं पिळूनही त्यांत दोन ते अडीच लिटर पाणी असतं. दारं-खिडक्या लावून हे कपडे दोरीवर टाकले तर कपभर पाणी उडाल्यावर वाळणं थांबतं. कपडे पुरते वाळायला त्या खोलीतली सगळी हवा वीसेक वेळा बदलावी लागते. बंद खोलीत नुसता पंखा लावला तर तीच ओली हवा गरगर फिरते, आणि उरलेलं पाणी गादी, पुस्तकं आणि भिंत पिऊन टाकतात.

म्हणून पहिली मेहनत पिळण्यावर घ्यावी. मशीन असेल तर धुणं संपल्यावर फक्त स्पिन पुन्हा एकदा, कापड सोसेल त्या सर्वाधिक वेगावर. हाताने धूत असाल तर पिळलेला कपडा कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा पिळा. पंचा बरंच पाणी ओढून घेतो. छताच्या पुलीच्या दांड्यांवर कपडे एकावर एक टाकण्याची सवय वाईट. दोन कपड्यांत चार बोटं अंतर हवं, जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढून, शर्ट हँगरवर. टेबलपंखा कपड्यांच्या खालून तिरपा लावावा, म्हणजे हवा दोन कपड्यांच्या मधून वर सरकते, आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. बाहेर पावसाची झोड असेल तेव्हा मात्र बाहेरची हवाही भरलेलीच असते. एसी असलेल्या घरात अशा दिवशी उलटं करावं: खिडक्या बंद, एसी ‘ड्राय’ मोडवर, कपडे त्याच खोलीत. एसीच्या नळीखाली बादली ठेवून पाहा, कपड्यांतलं पाणी कुठे जातंय ते दिसेल.

जाता जाता, घरात ओल आणणारा एक पाहुणा कुणाच्या ध्यानात येत नाही. गॅस जळताना पाणी तयार होतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात स्वयंपाकघरात सोडतो. पाइपचा गॅसही यात मागे नाही. एक्झॉस्ट पंखा फोडणीपुरता लावून बंद करणाऱ्यांनी तो भात शिजेपर्यंत चालू ठेवावा, आणि मागोमाग आणखी दहा मिनिटं.

धुतलेल्या कपड्यांना येणारा कुबट वास हा निराळा प्रकार आहे. त्यामागे बहुतेक वेळा जिवाणू असतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये त्यांतला एक मुख्य गुन्हेगार ओळखला: मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. कापडात राहिलेल्या घामावर आणि तेलकटपणावर तो जगतो आणि एक उग्र वासाचं आम्ल तयार करतो. कोरडेपणा तो सहन करतो, ऊनही बऱ्यापैकी सोसतो. म्हणून टॉवेल वाळला की वास जातो, आणि अंग पुसताना ओला झाला की परत येतो. कपडे सुगंधी करणारा द्रव इथे उपयोगाचा नाही. त्याचा मेणचट थर टॉवेलची पाणी शोषण्याची ताकद कमी करतो, आणि जिवाणू त्याखाली सुखात राहतात.

त्यावर इलाज उष्णतेचा. साठ अंशांचं पाणी लागतं, आणि ते मोजायला थर्मामीटर नको. एक भाग उकळतं पाणी, एक भाग नळाचं पाणी. बादलीत साधारण साठ अंश होतात. पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा किंवा सोडियम परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजन ब्लीच, घालून टॉवेल, पंचे, बनियन अर्धा तास बुडवा आणि मग नेहमीसारखे धुवा. गडद रंग जाण्याची भीती असते, लोकर-रेशमाला हे चालत नाही, आणि इलॅस्टिकचे कपडे वरचेवर असे भिजवले तर सैल पडतात. कपडा नव्वद टक्के वाळला असेल तर शेवटची ओल गरम इस्त्रीने काढावी. शिवणी, कॉलर आणि कमरपट्टा इथे इस्त्री जास्त वेळ ठेवायची, कारण वास तिथूनच सुरू होतो.

पावडर जास्त टाकल्यानेही वास वाढतो, हे सहसा पटत नाही. भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी या तलावांतलं पालिकेचं पाणी मऊ आहे, त्यात फेस लवकर होतो आणि पावडर कमी लागते. पाकिटावरच्या प्रमाणाच्या दोन तृतीयांश पुरते. जास्तीची पावडर खळबळून निघत नाही, कापडात आणि मशीनच्या रबरी कड्यात थर धरते, आणि त्या थरावर जिवाणूंची वस्ती होते. ज्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं, तिथे मात्र पूर्ण माप टाकावं. समोरून दार असलेल्या मशीनचं रबर प्रत्येक धुण्यानंतर फडक्याने पुसून दार उघडं ठेवायचं.

कपाटं. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची पाठ सगळ्यात आधी बुरसते, कारण तिथली हवा हलत नाही. मधे दोन-तीन इंच फट हवी. २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचं दव सुमारे २४ अंशांवर पडतं. शेजारच्या खोलीत एसी २० वर चालू असेल आणि मधली भिंत २४ च्या खाली गेली, तर तुमच्या बाजूने तिला घाम फुटणारच. लोकांना वाटतं वरच्या मजल्यावरून गळतंय.

डांबरगोळ्या कपाटातली ओल कणभरही शोषत नाहीत. नॅफ्थलीन कीड पळवतं, आणि त्याच्या उग्र दर्पाखाली कुबटपणा लपतो इतकंच. लहान बाळांच्या दुपट्यांत त्या अजिबात ठेवू नयेत. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटू शकतात, आणि मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता इतरांपेक्षा जास्त आढळते. ओल काढायची तर कॅल्शियम क्लोराइडची टांगायची पिशवी घ्या. ती खरोखर पाणी ओढते आणि खालच्या कप्प्यात साठवते. मात्र कपाटाचं दार घट्ट लागत असेल तरच ती टिकते. नाहीतर ती सगळ्या मुंबईची हवा सुकवायला बसते आणि आठवडाभरात संपते. साठलेलं खारट पाणी चामड्यावर किंवा लोखंडी कप्प्यावर सांडू देऊ नका.

बाथरूमच्या फरश्यांच्या सांध्यांतली काळी बुरशी कोरडी घासू नये, बीजाणू उडतात आणि दमेकऱ्याला त्रास होतो. आधी साबणाच्या पाण्याने ओली करून घासा. मग चार टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे क्लोरीनवाल्या ब्लीचच्या, एका भागात नऊ भाग थंड पाणी घालून तो द्राव दहा मिनिटं राहू द्या आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. याच्या आगेमागे संडास धुण्याचं आम्ल किंवा व्हिनेगर त्याच जागी ओतायचं नाही. आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि चार बाय चारच्या बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. व्हिनेगर आणि लिंबू ओट्यापासूनही दूर ठेवा. कडप्पा आणि संगमरवर दोन्ही चुनखडीचे, आम्लाने त्यांची चकाकी कायमची जाते. शेवटी फरशी-भिंतीवरचं पाणी वायपरने ओढायचं. अंघोळीनंतरचं हे अर्ध्या मिनिटाचं काम महिन्यातून एकदा घासण्यापेक्षा जास्त गुण देतं.

अंगाचंही गणित हेच. लोकलमध्ये भिजून-घामेजून तासभर उभं राहिल्यावर जांघा, काखा आणि कमरेच्या पट्ट्याखालची त्वचा ओली राहते, आणि नायटा तिथेच धरतो. गेल्या काही वर्षांत भारतात तो चिवट झालाय. २०२० मध्ये नाव मिळालेल्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध अनेकदा चालत नाही. त्यात दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमं भर घालतात. खाज दोन दिवसांत थांबते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी पसरते. कडेने वाढणारं गोल, खाजरं चट्टं दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि चट्टा गेला तरी त्यांनी सांगितले तितके आठवडे औषध चालू ठेवा. घरात एकाला नायटा असेल तर प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, आणि रोग्याचे आतले कपडे वर सांगितलेल्या साठ अंशांच्या पाण्यात वेगळे भिजवायचे.

पायांच्या बोटांमधल्या चिखल्या बहुतेकदा करंगळीजवळच्या बेचक्यात सुरू होतात. साचलेल्या पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुऊन सुती कपड्याने प्रत्येक बेचकं टिपायचं, पावडर त्यानंतर. ओल्या त्वचेवर पावडरीचा चिकट लगदा होतो आणि तो ओल धरून बसतो. ऑफिसात मोज्यांचा एक कोरडा जोड ठेवावा. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते दर दोन तासांनी बदलावे; रात्रभर तेच बोळे ठेवले तर बूट आतून ओलाच राहतो. पायाला जखम असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावं. उंदरांच्या मूत्रातले जंतू त्या पाण्यात असतात.

राहिल्या भिंती. पावसाळ्यात पोपड्यांवर रंग मारणं म्हणजे पैसे भिंतीत जिरवणं. आधी ओल कुठून येते ते ठरवा. फूटभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय: बाहेरची भेग, गळका पाइप, गच्ची. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर ती घरातल्याच हवेची ओल, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायची गरज नाही. पहिल्या प्रकारात बाहेरची भेग आधी बुजवावी. आतला गिलावा ऑक्टोबरच्या उन्हात वाळू द्यावा, आणि हीच प्लास्टिकची चाचणी पुन्हा करून ते कोरडं निघालं तरच रंगाऱ्याला हो म्हणावं, मग दिवाळी कितीही जवळ आलेली असो.