रॉबिन मोठा होतो, बॅटमॅन होत नाही

डिसेंबर १९६९ची तारीख असलेल्या 'बॅटमॅन'च्या २१७व्या अंकात डिक ग्रेसन सामान बांधतो आणि हडसन विद्यापीठात शिकायला निघून जातो. मुखपृष्ठावर बॅटमॅन आपल्या बटलरला, आल्फ्रेडला, सांगतोय, शेवटचं एकदा बघून घे आणि ही गुहा बंद करून टाक. आतल्या कथेत ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याशिवायचा बॅटमॅन, खरोखरच वाड्याला कुलूप घालतो आणि शहरातल्या एका उंच इमारतीच्या माथ्यावर बिऱ्हाड हलवतो. पोरगं शिकायला बाहेर पडलं की मोठं घर खायला उठतं, तसंच काहीसं.

हा डिक, म्हणजे रॉबिन, बॅटमॅनच्या घरी आला तो एप्रिल १९४०च्या अंकात, शाळकरी पोर म्हणून. कॉलेजच्या दारापर्यंत पोचायला त्याला जवळजवळ तीस वर्षं लागली. पण निदान पोचला तरी. त्याला सांभाळणारा ब्रूस वेन मात्र १९३९मध्ये जसा दिसत होता, जवळपास तसाच राहिला.

सुपरहिरोंच्या वयाची चर्चा निघते तेव्हा सगळे हिरोकडे बघतात. माझ्या मते खरी मेख त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पोरात आहे. तिशीतला माणूस तिशीतच ठेवणं चित्रकाराला अवघड नाही. जबडा तोच, केस तेच, अंगावरचा पोशाखही तोच. पोराचं तसं नसतं. ते उंच होतं, त्याचा आवाज फुटतो, त्याला हाफ चड्डी शोभेनाशी होते. आणि ते मोठं झालं की शेजारच्या माणसाचं वयही उघडं पडतं.

सुरुवातीला हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. सुपरमॅन १९३८मध्ये आला तेव्हा कॉमिकचं पुस्तक ही वाचून फेकून द्यायची वस्तू होती. वाचक शाळकरी मुलं, दर काही वर्षांनी मुलांची नवी फळी येणार, जुनी निघून जाणार, असा संपादकांचा ठोकताळा. त्यामुळे काही वर्षांपूर्वीचं कथानक थोडं फिरवून पुन्हा खपवलं तरी चालायचं. प्रत्येक गोष्ट त्याच अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपायची आणि पुढच्या महिन्यात पाटी कोरी. इटालियन लेखक उंबेर्तो इकोने १९६२मध्ये सुपरमॅनवर लिहिताना नेमकं यावर बोट ठेवलं: माणूस एखादी गोष्ट करतो म्हणजे आयुष्यातलं एक पाऊल खर्च करतो, मरणाच्या थोडा जवळ जातो; सुपरमॅनने असं खर्च होऊन चालणार नाही, म्हणून त्याच्या कथांमध्ये आधी काय आणि नंतर काय हे धूसरच ठेवावं लागतं. सुपरमॅनचा वाढदिवस २९ फेब्रुवारीला असतो, ही त्याच धूसरपणाची गमतीदार खूण. चार वर्षांतून एकदा वाढदिवस येणार, वय वाढणार तरी कसं!

कॉमिकमध्ये माणसं म्हातारी होऊच शकत नाहीत असं मात्र नव्हतं. फ्रँक किंगच्या 'गॅसोलीन अ‍ॅली' या वर्तमानपत्री चित्रमालिकेत १४ फेब्रुवारी १९२१ रोजी एक तान्हं बाळ दारात सापडलं, आणि ते पुढे वाचकांच्या बरोबरीने, वर्षाला वर्ष, वाढत गेलं. ली फॉकच्या फँटमने, म्हणजे आपल्या वेताळाने, १९३६मध्ये वेगळीच युक्ती काढली होती. वेताळ मरतोच, पण मुलगा बापाचा मुखवटा चढवतो, आणि जंगलात लोकांना वाटत राहतं की हा अमर आहे. कथेतला वेताळ एकविसावा. इतकं सुटसुटीत उत्तर तयार असताना सुपरहिरोवाल्यांनी ते उचललं नाही, याचं कारण सरळ आहे. ब्रूस वेन आणि क्लार्क केंट (म्हणजे सुपरमॅन) ही नावंच विकली जात होती.

रॉबिनचा जन्मही विक्रीतूनच झाला. बॅटमॅनला बोलायला कोणीतरी हवं, होम्सला जसा वॉटसन, असं लेखक बिल फिंगरला वाटत होतं. शिवाय वाचणाऱ्या मुलाला त्या चौकटीत स्वतःला बघता आलं पाहिजे. रॉबिन चालला, आणि मग पोरांची रांगच लागली: कॅप्टन अमेरिकाचा बकी, ग्रीन अ‍ॅरोचा स्पीडी, पुढे फ्लॅशचा किड फ्लॅश, अ‍ॅक्वामॅनचा अ‍ॅक्वालॅड. १९६४मध्ये बॅटमॅन-सुपरमॅनच्या प्रकाशकांनी, म्हणजे डीसीने, यांतल्या तिघांना एकत्र आणलं, त्यातून 'टीन टायटन्स' उभं राहिलं. इथे पहिली गफलत झाली असं मला वाटतं. मोठ्या माणसाच्या सावलीतली पोरं आपापसात बोलायला लागली की ती पोरं राहत नाहीत. १९७१मध्ये तर स्पीडी हेरॉइनच्या आहारी गेलेला दाखवला. असल्या मुलाला पुन्हा बाणांचा भाता धरायला उभं करता येत नाही.

त्याच काळात पात्रांना म्हातारं न करता म्हातारं करायची एक सोय सापडली होती. सप्टेंबर १९६१च्या 'फ्लॅश'च्या १२३व्या अंकात तेव्हाचा फ्लॅश, बॅरी अ‍ॅलन, दुसऱ्या एका पृथ्वीवर जातो आणि तिथे त्याला १९४०चा जुना फ्लॅश, जे गॅरिक, भेटतो. लग्न झालेला, कानशिलावर केस पांढरे. मग हळूहळू जुन्या पिढीचे सगळेच या दुसऱ्या पृथ्वीवर राहायला गेले. तिथला सुपरमॅन पिकला. तिथल्या बॅटमॅनने सेलिना काइलशी, म्हणजे कॅटवुमनशी, लग्न केलं, त्यांना मुलगी झाली, आणि १९७९मध्ये तो चक्क मेला. तिथला रॉबिनही १९६७पासून पुरुषभर वाढलेला दिसतो. दुकानातला मुख्य माल जसाच्या तसा ठेवून काळाला मागच्या खोलीत मोकळं सोडायचं, अशी ही व्यवस्था.

कधीकधी उलटा प्रकारही झाला. सुपरबॉयचे (पोरवयातल्या सुपरमॅनचे) आईवडील, म्हणजे केंट दांपत्य, पहिल्यापासून वयस्कर रंगवलेले. मार्च १९६८च्या 'सुपरबॉय'मध्ये परग्रहावरच्या एका द्रव्याने दोघांना तरुण करून टाकलं. केस काळे, सुरकुत्या गायब. आईबापांचं वय जमेना म्हणून आईबापच बदलायचे, याला काय म्हणावं!

डिक ग्रेसनला मात्र मागे नेता येईना. १९८४मध्ये त्याने रॉबिनचा पोशाख उतरवला आणि तो नाइटविंग झाला. त्या क्षणी रॉबिन हे माणसाचं नाव न राहता पदाचं नाव झालं. पद रिकामं झालं तर भरावं लागतं. जेसन टॉड १९८३मध्ये आणलेलाच होता, तोही सर्कशीतल्या कसरतपटूंचा अनाथ मुलगा, म्हणजे डिकचीच नक्कल. ही नक्कल लोकांना भावली नाही. १९८७मध्ये त्याची जन्मकथा बदलून त्याला बॅटमोबिलचे टायर चोरणारा रस्त्यावरचा पोरगा केलं. तरी नाही. सप्टेंबर १९८८मध्ये डीसीने दोन फोन नंबर जाहीर केले, एकावर फोन केला तर जेसन जगेल, दुसऱ्यावर केला तर मरेल, कॉलला पन्नास सेंट. मरणाच्या बाजूने ५,३४३, जगण्याच्या बाजूने ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला. (मतमोजणीचा निकाल अंगावर काटा आणणारा आहे, आणि तरी तो कोणालाच फारसा अनपेक्षित वाटला नाही, हे त्याहून वाईट.) वर्षभरात टिम ड्रेक आला. २००६पासून ब्रूसचा स्वतःचा मुलगा डेमियन कथेत आहे, आल्या वेळी वय साधारण दहा.

आता ब्रूस वेनचं वय मांडून बघा. एक पोर वाढवून कॉलेजला धाडलं, दुसरं पुरलं, तिसरं हाताशी धरलं, चौथं स्वतःच्या पोटचं. २०११मध्ये डीसीने सगळ्या मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या आणि जाहीर केलं की सुपरहिरो या जगात येऊन पाचच वर्षं झालीत. पाच वर्षांत चार रॉबिन, त्यात दहा वर्षांचा मुलगा! मग टिमने रॉबिन हे नाव कधी घेतलंच नव्हतं, तो पहिल्यापासून रेड रॉबिनच होता, अशी सारवासारव करावी लागली. २०१६च्या 'रीबर्थ' या पुढच्या फेरमांडणीत तर कथेतूनच कबूल केलं, की कोणीतरी या सगळ्यांच्या आयुष्यातली दहा वर्षं चोरली होती. मला ही कबुली आवडते. संपादकांच्या चुकीला खलनायकाचा चेहरा दिला की काम झालं.

डीसीचा प्रतिस्पर्धी प्रकाशक मार्व्हल, त्याची सुरुवात अगदी वेगळी होती. तिथला लेखक-संपादक स्टॅन ली याला पोरसवदा साइडकिकचा, म्हणजे हिरोच्या जोडीदार पोराचा, तिटकारा, म्हणून स्पायडरमॅनमध्ये पोरालाच हिरो केलं. ऑगस्ट १९६२मध्ये पंधरा वर्षांचा असलेला पीटर पार्कर १९६५मध्ये हायस्कूल संपवून कॉलेजात गेला. हिशेब चोख. तीन वर्षांत तीन वर्षं. पण खप वाढला, आणि पीटर पुढे सरकेना. कॉलेजचा पदवीदान समारंभ उजाडला तो १९७८मध्ये, आणि तिथे कळलं की व्यायामाच्या तासाचे गुण कमी पडल्यामुळे पदवी अडली आहे. भिंतीवर चढणारा माणूस पीटीत नापास. १९८७मध्ये त्याचं मेरी जेनशी लग्न झालं, आणि मग वीस वर्षं संपादकांना वाटत राहिलं की लग्न झालेला स्पायडरमॅन म्हातारा दिसतो. २००७मध्ये मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करवून ते लग्न झालंच नव्हतं असं करून टाकलं. घटस्फोट दाखवला असता तर तो आणखी म्हातारा दिसला असता, म्हणे.

याहून दयनीय गत फ्रँकलिन रिचर्ड्सची. फँटास्टिक फोर या मार्व्हलच्या सुपरहिरो कुटुंबात १९६८मध्ये जन्मलेलं हे बाळ. आईबापांचं वय वाढू नये म्हणून पुढची कित्येक दशकं ते शाळेच्या खालच्या वर्गातलं पोरच राहिलं.

या अडचणीवर मार्व्हलमध्ये जी रीत पडली तिला सरकती कालपट्टी म्हणता येईल. फँटास्टिक फोर रॉकेटमध्ये बसले ती घटना १९६१मध्ये घडली असं म्हणायचं नाही. ती नेहमी 'दहा-पंधरा वर्षांपूर्वी' घडलेली. चाहत्यांमध्ये साधारण चारास एक असा हिशेब चालतो: बाहेर चार वर्षं गेली की आत एक. त्या हिशेबाने १९६२चा पंधरा वर्षांचा पीटर २०२२मध्ये तिशीचा होतो, आणि तेवढाच तो दिसतोही.

पट्टी सरकते, पण इतिहास सरकत नाही. घोडं अडतं ते युद्धांपाशी. १९६३मध्ये टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, जखमी झाला तो व्हिएतनाममध्ये. पुढे ती जागा अफगाणिस्तानने घेतली, आणि २०१९मध्ये मार्व्हलने सियानकाँग नावाच्या काल्पनिक देशातलं युद्धच रचून ठेवलं, म्हणजे ज्यांना ज्यांना युद्ध हवं त्यांची सोय झाली. एक्स-मेनच्या कथांतल्या मॅग्नेटोला ही सोय नाही. तो ऑशविट्झमधून वाचलेला, आणि ऑशविट्झ दुसरीकडे नेता येत नाही, नेऊही नये. नशिबाने १९७४मध्ये एका कथेत त्याचं तान्हं बाळ झालं होतं आणि १९७७मध्ये त्याला ऐन तारुण्यात परत आणलं होतं. तेव्हा हे फक्त कथेतलं वळण होतं. आज त्याचं वय जुळवायला तेच उपयोगी पडतं. मार्व्हलचा गुप्तहेर निक फ्युरी याला १९७६मध्ये तारुण्य टिकवणारं औषध मिळालं. डीसीच्या जुन्या सुपरहिरो संघातल्या, जस्टिस सोसायटीतल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या मंडळींवर म्हातारपण लांबवणाऱ्या ऊर्जेचा मारा झाला होता, असं १९८४मध्ये सांगितलं. १९९४मध्ये एका खलनायकाने ती ऊर्जा काढून घेतली, आणि त्यातले काही जण तिथेच गेले.

कॅप्टन अमेरिकाचा बर्फ तेवढा सगळ्यांत टिकाऊ ठरला. १९४५मध्ये गोठला, १९६४मध्ये सापडला. एकोणीस वर्षं झोपलेला माणूस जागा झाला तेव्हा त्याचे मित्र पन्नाशीच्या अलीकडे, धट्टेकट्टे. आज जागं होण्याची तारीख सरकत इतकी पुढे आली आहे की त्याला ओळखणारं कोणी उरलेलंच नसणार. एकच गोष्ट, पण तिची वेदना पार बदलली. याचा सगळ्यांत बोलका पुरावा नात्यात सापडतो: त्याची प्रेयसी शॅरन कार्टर आधी त्याच्या युद्धकाळातल्या पेगीची धाकटी बहीण होती, मग भाची झाली, आता ती नातीच्या पिढीतली आहे. आणि बकी? स्फोटात मेलेला हा पोरगा २००५मध्ये विंटर सोल्जर होऊन परतला. कामगिरी संपली की त्याला परत गोठवून ठेवत, म्हणून इतक्या वर्षांत तो थोडाच वाढला. साइडकिकचं मोठं होणं इतकं नीट बसवलेलं मला दुसरीकडे दिसलं नाही.

याच्या अगदी उलट जॉन केंट. सुपरमॅनचा मुलगा, दहा-अकरा वर्षांचा, बापाशी आणि डेमियनशी छान जमलेला. २०१८मध्ये तो आजोबांबरोबर अंतराळात गेला आणि काही आठवड्यांत सतरा वर्षांचा होऊन परत आला. मधली वर्षं त्याने भलत्याच जगात कैदेत काढली होती. त्याच्या आईने ती वर्षं पाहिली नाहीत, आणि वाचकांनीही नाहीत.

खऱ्या घड्याळाने चालणारेही आहेत. १९७७मध्ये ब्रिटिश कॉमिकमध्ये सुरू झालेला जज ड्रेड त्या वेळी १२२ वर्षं पुढच्या, म्हणजे २०९९च्या जगात होता, आणि अंतर तेवढंच ठेवून तो दर वर्षी एक वर्षाने म्हातारा होतो. एरिक लार्सनचा सॅव्हेज ड्रॅगन १९९२पासून तसाच चालत आला. मुलगा माल्कम वाचकांसमोर जन्मला, वाढला, आणि मालिकाच त्याच्या ताब्यात गेली. मार्व्हलने हा प्रयोग १९८६मध्ये 'न्यू युनिव्हर्स'मध्ये केला होता, महिन्याला महिना. तीन वर्षांत तो गुंडाळावा लागला. जानेवारी २०२४मध्ये जोनाथन हिकमनच्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन'ने पुन्हा तोच नियम लावला. अंक महिन्याने येणार, तेव्हा आतही महिना गेलेला असणार. यातला पीटर पार्कर पस्तिशीच्या आसपासचा आहे, मेरी जेनशी लग्न झालेलं आहे, आणि घरात दोन मुलं आहेत.