खान्देशातला घरचा सर्व्हर आणि १९९४ची तात्पुरती सोय

लाइट जाऊन आली की डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचं) चित्र मोबाइलवर दिसेनासं होतं. ही तक्रार सावदा-फैजपूरपासून दोंडाईच्यापर्यंत सारखीच. केळीच्या रायपनिंग चेंबरवरचा कॅमेरा असो की घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा केलेला फाइल सर्व्हर, बहुतेक वेळा दोनपैकी एक दोष निघतो. एकतर एकच आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला उपकरणाचा क्रमांक, दोन उपकरणांनी घेतलेला असतो, नाहीतर बाहेरून येणारी विनंती घरातल्या राउटरपर्यंत पोचतच नसते. दोन्ही दोष जिथून आले ती गोष्ट बरीच जुनी आहे, आणि ती ठाऊक असली की सेटिंग शोधण्यात संध्याकाळ वाया जात नाही.

सप्टेंबर १९८१मध्ये आरएफसी ७९१ या, इंटरनेटचे नियम सांगणाऱ्या मालिकेतल्या दस्तऐवजाने आयपी पत्ता ३२ बिटांचा ठरवला. त्यातून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते निघतात. विद्यापीठं आणि संशोधनसंस्थांच्या त्या जाळ्याला हा साठा अफाट होता, म्हणून सुरुवातीला पत्त्यांचे मोठमोठे गठ्ठे सढळ हाताने वाटले गेले. दहा-बारा वर्षांत टंचाई दिसू लागली. मे १९९४मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१मध्ये नॅट, म्हणजे वाटेत पत्ता बदलण्याची पद्धत, मांडलं : आतल्या उपकरणांना खाजगी पत्ते, बाहेर पडताना सार्वजनिक पत्ता. ही अल्प मुदतीची सोय आहे, असं त्यांनी त्यातच म्हटलं होतं. फेब्रुवारी १९९६मध्ये आरएफसी १९१८ने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले.

खाजगी पत्ता हा गट नंबरासारखा आहे. गट नंबर १२ रावेर तालुक्यात गावोगाव सापडेल. गावाचं नाव सांगितल्याशिवाय त्या आकड्यावरून शेत सापडत नाही. १९२.१६८.१.१ तसाच घरोघरी आहे.

आतून कुणी बाहेर गेलं की राउटर आपल्या तक्त्यात नोंद करतो आणि आलेलं उत्तर त्या नोंदीवरून परत पोचवतो. बाहेरून कुणी आपणहून आलं तर नोंदच नसते, म्हणून राउटर ते टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या तक्त्यात हाताने लिहून ठेवलेली कायमची ओळ : टीसीपी ८०९६ या पोर्टवर (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या सेवांसाठीच्या दारक्रमांकावर) जे येईल ते १९२.१६८.१.२०च्या ८०९६ला द्यावं. इथे एक बारकावा सुटतो. ही ओळ सर्व्हरला ओळखत नाही, फक्त आकड्याला ओळखते. उद्या .२० हा पत्ता पाहुण्याच्या मोबाइलला गेला, तर विनंती इमाने इतबारे त्या मोबाइलकडे जाईल.

पत्ता असा फिरतो तो डीएचसीपीमुळे, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीमुळे. ही पद्धत १९९३मध्ये आली आणि मार्च १९९७च्या आरएफसी २१३१ने आजचं रूप घेऊन स्थिरावली. पत्ता भाड्याने मिळतो, ठरावीक मुदतीसाठी. पत्ता देण्याआधी राउटरने पिंग करून, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून, तो रिकामा आहे ना हे बघावं, अशी शिफारस त्यात आहे. पण जे उपकरण अजून सुरूच झालेलं नाही ते पिंगला उत्तर कसं देणार? लाइट आल्यावर नेमकं हेच घडतं. राउटर आधी उभा राहतो. भाडेकरूंची यादी मेमरीत असेल तर लाइटबरोबर पुसली गेलेली असते. मोबाइल लगेच जोडला जातो आणि त्याला .१०८ मिळतो. डीव्हीआर तोवर हार्डडिस्क तपासत असतो. तो जागा होतो आणि हाताने भरलेला आपला तोच .१०८ घेऊन बसतो. मग कधी चित्र दिसतं, कधी अडकतं. पत्ता घेण्याआधी चौकशी करावी असं जुलै २००८चा आरएफसी ५२२७ सांगतो, पण प्रत्येक स्वस्त डीव्हीआर ते पाळेलच असं धरून चालू नये.

खात्री करायची तर डीव्हीआरची नेटवर्क वायर काढा आणि त्याच पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं तर तिथे दुसरं कुणीतरी बसलं आहे. मोबाइल झोपेत पिंगला गप्प राहतो, म्हणून वायर परत लावून कॉम्प्युटरवरची आर्प यादीही (कुठल्या पत्त्यावर कुठलं उपकरण आहे ती नोंद) बघावी. तिथे दिसणारा मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यातच मिळालेला क्रमांक) डीव्हीआरच्या स्टिकरवरच्या मॅकशी जुळला पाहिजे. उपाय सोपा आहे. डीएचसीपीचा पट्टा .१०० ते .१९९ ठेवा आणि हाताने दिलेले पत्ते .१० ते .५० मध्ये बसवा. त्याहून चांगलं म्हणजे राउटरमध्येच मॅकवर पत्ता राखून ठेवणं, कारण मग सगळा हिशेब एका जागी राहतो. शेडसाठी दुसरा राउटर लावला असेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि वायर लॅन (आतल्या बाजूच्या) पोर्टात घाला. नाहीतर एकाच घरात पत्ते वाटणारे दोघे होतात.

आता दुसरा दोष. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा पत्त्यांची चणचण ग्राहकापर्यंत आली नव्हती. ३ फेब्रुवारी २०११ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकचा साठा शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. त्यानंतर आलेल्या लहान केबल ऑपरेटरला हजारो ग्राहकांपुरते सार्वजनिक पत्ते कुठून मिळणार? त्याने स्वतःकडेच आणखी एक नॅट बसवलं. एप्रिल २०१२मध्ये आरएफसी ६५९८ने त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखला.

म्हणून फॉरवर्डिंगला हात लावण्याआधी राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा आणि तो आपला आयपी सांगणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. जुळला तर पुढे जा. वॅनला १००.६४ ते १००.१२७मधला पत्ता असेल तर अडसर ऑपरेटरकडे आहे आणि घरातली कुठलीही सेटिंग तो काढू शकत नाही. तिथे सार्वजनिक स्थिर पत्ता मागायचा, किंवा भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरचा बोगदा काढायचा. घरून बाहेर जाणारी जोडणी असल्याने ऑपरेटरचं नॅट तिला अडवत नाही.

वॅनला १९२.१६८.१ने सुरू होणारा पत्ता दिसला तर बहुधा फायबरचा डबा स्वतःच राउटर झालेला असतो. त्यात आपल्या राउटरच्या आतही १९२.१६८.१ असेल तर दोन्हीकडे तोच पट्टा येतो आणि कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं हेच राउटरला कळत नाही. आतला पट्टा १९२.१६८.५० करा आणि डबा ब्रिज मोडवर (राउटरचं काम न करता नुसता पुढे जोडणाऱ्या स्थितीत) टाकून घ्या. जमत नसेल तर दोन्हीकडे फॉरवर्डिंगची ओळ लिहा.

तपासणी घरच्या वायफायवरून करू नका. अनेक राउटर आतून निघून आपल्याच सार्वजनिक पत्त्यावर गेलेली विनंती परत आत वळवत नाहीत, आणि सगळं बरोबर असूनही बंद दिसतं. मोबाइल डेटावरून बघा. डीएमझेड (एका उपकरणाकडे सगळं येणारं वळवणारी सेटिंग) लावून सगळी पोर्ट उघडी टाकणं मात्र टाळाच. २०१६मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने कंपनीचाच पासवर्ड राहिलेले डीव्हीआर आणि कॅमेरे मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर डाइन (Dyn) या कंपनीची डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारी) सेवा पाडली.

नॅटनंतर यायचा तो कायमचा उपाय, आयपीव्ही६, पहिल्यांदा डिसेंबर १९९५मध्ये मांडला गेला. तो आता इथल्या मोबाइल जोडण्यांवर आणि बऱ्याच फायबरवरही असतो. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, त्यामुळे फॉरवर्डिंग नसतं. राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या सर्व्हरचं तेवढं एक पोर्ट उघडावं लागतं. बदलत्या पत्त्याला एक कायम नाव देणाऱ्या डायनॅमिक डीएनएसची नोंदही राउटरवरून न करता सर्व्हरवरूनच करावी लागते, कारण नोंदवायचा पत्ता सर्व्हरचा असतो.