एचआयव्ही चाचणी आणि एआरटी नोंदणी : समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांचे काम कुठे अडते

भारतातील २०१७ च्या सरकारी आकडेवारीनुसार प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२२ टक्के होते, तर पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते २.६९ टक्के, म्हणजे सुमारे बारापट होते. गुदमैथुनातून विषाणू अधिक सहज पसरतो हे त्याचे एक कारण, आणि ओळख लपवून जगावे लागल्यामुळे चाचणी लांबणीवर पडते हे दुसरे. सरकारी केंद्रांत चाचणी आणि एचआयव्हीवरची औषधे, म्हणजे एआरटी, दोन्ही मोफत आहेत. तरीही अनेक जण खिडकीवरून परत फिरतात आणि पुन्हा येत नाहीत, म्हणून ही माहिती.

चाचणी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत होते. प्रौढ व्यक्तीला पात्रतेची कोणतीही अट नाही. वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकाची संमती लागते. आधी समुपदेशन, मग रक्त, मग अहवाल, एवढाच क्रम आहे. जवळचे केंद्र १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येते.

सर्वाधिक चूक मुदतीच्या हिशेबात होते. शनिवारी संबंध आला, सोमवारी चाचणी केली, अहवाल निगेटिव्ह आला आणि माणूस निर्धास्त झाला, असे मी फार वेळा पाहिले आहे. तो अहवाल शनिवारबद्दल काहीच सांगत नाही. शरीरात प्रतिपिंडे दिसू लागायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो आणि हे तीन महिने शेवटच्या जोखमीच्या संबंधापासून मोजायचे असतात. मध्ये पुन्हा तसा संबंध आला तर मोजणी नव्याने सुरू होते. दुसरी मुदत याच्या अगदी उलट, घाईची आहे. संबंधानंतर संसर्ग टाळण्यासाठी द्यायची औषधे, म्हणजे पेप, ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. लोक ‘तीन दिवस’ ऐकतात आणि कामाचे दिवस मोजतात. शुक्रवारी रात्री अकराला आलेल्या संबंधाची मुदत सोमवारी रात्री अकराला संपते, त्यामुळे सोमवारच्या ओपीडीची वाट न पाहता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात त्याच रात्री जावे; जितका उशीर, तितका उपयोग कमी.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुढची पायरी एआरटी केंद्रातील नोंदणीची. इथे पहिली अडचण खासगी प्रयोगशाळेच्या अहवालाची असते. चार घड्या घातलेला तो कागद पाकिटातून काढून समोर ठेवताना एका तरुणाचा हात थरथरत होता, आणि त्याला उत्तर मिळाले, ‘हा चालत नाही.’ नियमाने ते बरोबर होते, कारण नोंदणीसाठी आयसीटीसीतून खात्री केलेला अहवाल लागतो. पण ‘शेजारच्या खोलीत जा, तिथे पुन्हा चाचणी होईल’ हे पुढचे वाक्य कुणीच उच्चारले नाही. ते वाक्य न बोलण्याला माझ्या लेखी क्षमा नाही.

दुसरी अडचण नावाची. भीतीपोटी अनेक जण आयसीटीसीत टोपणनाव सांगतात आणि एआरटी केंद्रात ओळखपत्रावर वेगळेच नाव निघते. असे झाले असेल तर लपवू नका, समुपदेशकाला सरळ सांगा. नावातल्या तफावतीवर त्यांच्याकडे येणारे तुम्ही पहिले नसता.

तिसरी आणि सर्वांत चिवट अडचण म्हणजे राहत्या पत्त्याचा पुरावा. घर सोडून शहरात भाड्याच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या मुलाकडे त्या पत्त्याचा एकही कागद नसतो. जो असतो तो गावचा, आणि त्या पत्त्यावर पत्र जाईल या धास्तीने तो अर्जच करत नाही. औषध चुकले तर संपर्क साधता यावा, यासाठी पत्ता घेतला जातो. घरी फोन किंवा पत्र नको असेल तर पहिल्याच भेटीत तसे सांगून स्वतःचा मोबाइल क्रमांक नोंदवा. कागद नाही म्हणून परत पाठवले तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटल्याशिवाय निघू नका.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार चाचणीला माहितीपूर्ण संमती हवी, कायद्यातील मोजके अपवाद वगळता तुमची स्थिती इतरांना सांगता येत नाही आणि उपचारात भेदभाव करता येत नाही. तक्रारीसाठी राज्यस्तरीय लोकपालाची तरतूद आहे.

‘सीडी४ (रक्तातील प्रतिकारक पेशींची संख्या) खाली आल्यावर या’ असे कुणी सांगितले तर ते जुने झाले. २०१७ पासून सीडी४ कितीही असले तरी उपचार सुरू होतात. नियमित औषधांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, मोजता न येण्याइतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही.

निगेटिव्ह असलेल्यांसाठी कंडोमच्या जोडीला प्रेप, म्हणजे संसर्ग टाळण्यासाठी संबंधाच्या आधीपासून घ्यायच्या गोळ्या, हा पर्याय आहे, पण आधी चाचणी, मूत्रपिंडाची व हेपॅटायटिस बीची तपासणी आणि नंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी आवश्यक असते. मित्राच्या डबीतून गोळ्या घेऊन प्रेप सुरू करू नये. संसर्ग आधीच झालेला असेल तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

शहर बदलताना जुन्या केंद्रातून बदलीचा कागद आणि स्वतःचे हिरवे पुस्तक, म्हणजे उपचारांच्या नोंदींची पुस्तिका, घेऊनच निघावे. निघण्याची तारीख आधी सांगितली, तर नव्या ठिकाणी नोंद होईपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मागून घेता येतात.