गलगंड, आयोडीन आणि थायरॉईडचे नियमन : पार्श्वभूमी

आयोडीनयुक्त मिठाची पिशवी आज घराघरांत असते, आणि रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की ‘टीएसएच’पुढचा आकडा अनेक जण सर्वांत आधी पाहतात. या दोन्ही गोष्टींचा संबंध श्वासनलिकेला पुढून बिलगलेल्या एका लहानशा ग्रंथीशी, म्हणजे थायरॉईडशी किंवा अवटू ग्रंथीशी आहे. ग्रंथी शरीराचे नियमन कशा करतात हे उलगडण्यात या ग्रंथीचा वाटा फार मोठा आहे, कारण तिच्यातील बिघाड रोग्याच्या गळ्यावर उघड दिसत असे.

गळ्यावरच्या या सुजेचे, गलगंडाचे, वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. हिमालयाच्या पायथ्याशी आणि आल्प्सच्या खोऱ्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली. युरोपात तिच्यावर समुद्री स्पंजाची राख देण्याचा जुना उपचार होता, पण त्या राखेत नेमके काय असते हे कोणालाही सांगता येत नव्हते. 1811 साली कूर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला समुद्रशेवाळाच्या राखेपासून आयोडीन मिळाले आणि 1820 मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी, स्पंजाच्या राखेतील गुणकारी द्रव्य हेच असावे असा तर्क करून, ते थेट रोग्यांना दिले. गाठी कमी झाल्या. मात्र काही रोग्यांची छाती धडधडू लागली, वजन झपाट्याने उतरले, आणि मात्रा किती असावी याचा अंदाज नसल्याने या उपचाराविरुद्ध मोठा गदारोळ उठला. हाताशी आलेला उपाय पुढे कित्येक दशके मागे पडला.

ग्रंथीचे खरे काम कळले ते ती काढून टाकल्यावर. स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत अत्यंत निष्णात होते. पूर्ण ग्रंथी काढलेल्या रोग्यांना त्यांनी काही वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतील बहुतेकांचा चेहरा सुजट, हालचाली मंद आणि बुद्धी जड झालेली आढळली. लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांची वाढही खुंटली होती. आपल्याच हातून झालेली ही हानी त्यांनी 1883 मध्ये जाहीरपणे मांडली आणि संपूर्ण ग्रंथी काढण्याची पद्धत सोडली. वैद्यकाच्या इतिहासात इतकी प्रामाणिक कबुली विरळाच, आणि मला ती त्यांना 1909 मध्ये मिळालेल्या नोबेल पारितोषिकाइतकीच मोलाची वाटते.

ग्रंथी नसल्याने हे घडत असेल, तर ग्रंथीचा अर्क दिल्याने ते भरून निघायला हवे. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे जॉर्ज मरे यांनी 1891 मध्ये अशाच लक्षणांच्या एका 46 वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क त्वचेखाली टोचला. ती सुधारली आणि 1919 पर्यंत जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी वापरल्या गेल्या. एका अवयवात तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांवर परिणाम करणारे द्रव्य असते, ही कल्पना अशा अनुभवांतून बळावत गेली. 1902 मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आतड्यातील सिक्रेटिन शोधले, आणि 1905 मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

खुद्द थायरॉईडमध्ये आयोडीन असते हे बाउमान यांनी 1895 मध्ये दाखवले. 1914 च्या नाताळाच्या दिवशी अमेरिकेत केंडॉल यांनी या ग्रंथीतील संप्रेरक, थायरॉक्सिन, स्फटिकरूपात वेगळे केले. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणूनच अन्नातून आयोडीन आले नाही तर ते तयार होऊ शकत नाही.

मग संप्रेरक कमी पडत असताना ग्रंथी का फुगते? याचे उत्तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत आहे. पीयूषिका काढलेल्या उंदरांची थायरॉईड आक्रसते, हे फिलिप स्मिथ यांनी 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले. रक्तातील थायरॉक्सिन घटले की पीयूषिका टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक, अधिक सोडते, ते वाढले की टीएसएच कमी होते. आयोडीनच नसेल तर टीएसएचचा तगादा थांबत नाही, ग्रंथीच्या पेशी वाढत राहतात आणि गळा सुजतो. पीयूषिकेलाही वरून, मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाकडून, संदेश येतो. त्या संदेशाचा रेणू केवळ तीन अमिनो आम्लांचा असल्याचे गियमँ आणि शॅली यांच्या प्रयोगशाळांनी 1969 मध्ये सिद्ध केले, आणि 1977 च्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता.

मिठातून आयोडीन देण्याची मोहीम स्वित्झर्लंडमध्ये 1922 मध्ये सुरू झाली. भारतात हे काम व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात हिमाचलातील कांगडा खोऱ्यात उभे केले. खोऱ्याचे तीन विभाग करून दोहोंना आयोडीनयुक्त मीठ आणि तिसऱ्याला साधे मीठ पुरवण्यात आले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंडाचे प्रमाण ठळकपणे घटले, तर तिसऱ्यात ते तसेच राहिले. त्यानंतर तिथेही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. या प्रयोगाच्या 1973 मधील अहवालाच्या लेखकांत देव आणि करमरकर ही नावेही आहेत.

1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. 1992 मध्ये त्याच्या नावातील ‘गलगंड’ जाऊन ‘आयोडीन न्यूनता विकार’ हे शब्द आले आणि हा बदल योग्यच होता, कारण गर्भाच्या मेंदूची वाढ सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते आणि तिथे झालेली हानी गळ्यावर दिसत नाही. खाण्याच्या साध्या मिठाच्या विक्रीवरील बंदी 2000 मध्ये केंद्र सरकारने उठवली आणि मे 2006 मध्ये पुन्हा लागू केली.