डी-मार्टची व्यापारनीती आणि व्यवस्थापन

मुंबईत पवईच्या हिरानंदानी वसाहतीत 2002 साली पहिले दुकान उघडून सुरू झालेली, वाणसामान आणि घरगुती वस्तूंची दुकानसाखळी म्हणजे डी-मार्ट. ती चालवणाऱ्या अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स लिमिटेड या कंपनीची स्थापना 2000 साली झाली. संस्थापक राधाकिशन दमाणी. मार्च 2025 अखेर साखळीत 415 दुकाने होती आणि त्यांतली सर्वाधिक महाराष्ट्रात. ‘एमआरपीपेक्षा स्वस्त’ हा तिचा लौकिक. ही स्वस्ताई कशी परवडते याचे उत्तर दुकानाच्या फळ्यांवर कमी आणि कंपनीच्या खातेवहीत जास्त सापडते.

दमाणी मूळचे शेअर बाजारातले. दलाल स्ट्रीटवर नाव कमावल्यानंतर त्यांचे लक्ष किरकोळ व्यापाराकडे वळले, आणि दुकानदारीचा पहिला अनुभव त्यांनी घेतला तो नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून. अपना बाजार ही नायगावच्या कामगार वस्तीत 1948 साली सुरू झालेली ग्राहक सहकारी संस्था. रास्त भाव, चोख माप आणि एका छताखाली महिन्याचे सामान ही सवय मुंबईच्या मराठी मध्यमवर्गाला तिनेच आधी लावली होती. डी-मार्टची यशोगाथा सांगताना अमेरिकेच्या वॉलमार्टचे नाव हटकून घेतले जाते. अपना बाजारचा वाटा मात्र बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो, हे काही न्याय्य नाही.

धोरणाचा कणा म्हणजे जागा. शक्यतो दुकानाची जागा विकत घ्यायची, ते जमले नाही तर तीसेक वर्षांच्या दीर्घ भाडेपट्ट्यावर घ्यायची, हा नियम कंपनीने सुरुवातीपासून पाळला. मुंबईत तो विशेष महत्त्वाचा ठरतो. इथे चालत्या दुकानाचा नफा दर भाडेवाढीला मालकाच्या खिशात जातो, हे कोणताही व्यापारी सांगेल. जागा स्वतःची असली की वाढत्या भाड्याचा बोजा मालाच्या किमतीवर टाकावा लागत नाही, आणि पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या जागेचा आजचा खर्च जवळपास तेव्हाचाच राहतो. दुसरी बाजूही आहे. भांडवल जमिनीत अडकते, आणि हजारो चौरस फुटांचा, ट्रक वळेल असा, कागदपत्रे स्वच्छ असलेला भूखंड मुंबईत सहजी मिळत नाही. म्हणून ही दुकाने मुलुंड, मालाड, कांदिवली, ठाणे, कल्याण अशी उपनगरी पट्ट्यात दिसतात. वाढही संथ झाली: पहिल्या पंधरा वर्षांत, मार्च 2017 पर्यंत, 131 दुकाने.

त्याच काळात मुंबईतच मुख्यालय असलेल्या फ्यूचर समूहाचा बिग बझार उलट्या दिशेने धावत होता. भाड्याच्या जागा, झपाट्याने विस्तार, 26 जानेवारीच्या आसपासच्या महासवलतींना उसळणारी गर्दी. कर्ज वाढले, कोविडकाळात विक्री आटली, भाडी थकली, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये शेकडो दुकानांचा ताबा रिलायन्सकडे गेला, कारण तोवर अनेक जागांचे भाडेपट्टे रिलायन्सने आपल्या नावावर घेतले होते. जागा कोणाची, या प्रश्नाला किती वजन आहे ते दाखवणारे यापेक्षा स्पष्ट उदाहरण भारतीय किरकोळ व्यापारात नाही.

दुसरा आधार पुरवठादारांचा. सुपरमार्केटचा धंदा जगभर बव्हंशी उधारीवर चालतो: माल आधी विकायचा, पुरवठादाराचे पैसे मग द्यायचे, मधल्या काळात तोच पैसा फिरवायचा. डी-मार्टने ही सोय जवळपास सोडून दिली. पुरवठादाराचे बिल साधारण आठवडा-दहा दिवसांत चुकते होते, मालाचा साठा मात्र महिनाभराच्या आसपास पडून असतो. म्हणजे पैसे पुष्कळदा माल खपण्याआधीच गेलेले असतात. त्या बदल्यात खरेदीत जास्त सूट मिळते आणि टंचाईच्या काळातही माल येत राहतो. ही सूट ग्राहकापर्यंत पोहोचते ती रोजच्या कमी भावाच्या रूपात. जाहिरातीवर खर्च नगण्य, सजावट बेताची. शंभर रुपयांच्या विक्रीत ढोबळ नफा सुमारे पंधरा रुपये आणि सगळे भागवून हाती राहणारे सुमारे पाच.

एवढ्या कमी नफ्यावर धंदा टिकतो तो खपाच्या वेगामुळे. 2018-19 मध्ये दुकानांची वार्षिक विक्री चौरस फुटामागे सुमारे 35 हजार रुपये होती. वाण मोजके ठेवायचे, पण जे ठेवायचे ते भराभर हलले पाहिजे असा दंडक आहे. डाळी, तांदूळ, तेल, साखर अशा खाद्यपदार्थांचा विक्रीत निम्म्याहून जास्त वाटा असला, तरी त्यांच्यात फायदा तुटपुंजा. खरी कमाई डबे, स्टीलची भांडी, चादरी, मुलांचे कपडे या भागात होते. गृहिणी तूरडाळीसाठी येते आणि ट्रॉलीत पायपुसणेही पडते, हा योगायोग नव्हे. 2020 च्या टाळेबंदीत जीवनावश्यक नसलेल्या मालाची विक्री बंद पडली तेव्हा या रचनेतला कच्चा दुवा उघडा पडला: गर्दी होती, रांगा होत्या, नफा मात्र घसरला.

नवे दुकान जुन्या दुकानांच्या आणि गोदामाच्या टप्प्यातच उघडायचे, ही या नीतीची आणखी एक बाजू. भिवंडीच्या गोदामपट्ट्यातून मुंबई-ठाण्याची दुकाने भरली जातात, त्यामुळे वाहतूक स्वस्त पडते आणि फळी रिकामी राहत नाही. महाराष्ट्र-गुजरातमध्ये पाय घट्ट झाल्यावरच साखळी इतरत्र पसरली.

दैनंदिन कारभार दमाणी यांनी स्वतःकडे ठेवला नाही. हिंदुस्तान युनिलिव्हरमधून 2004 साली आलेले नेव्हिल नोरोन्हा पुढे मुख्याधिकारी व व्यवस्थापकीय संचालक झाले. मालक मुलाखती देत नाही आणि कारभार व्यावसायिक व्यवस्थापक पाहतो, ही विभागणी मुंबईच्या व्यापारी घराण्यांत विरळाच. दुकानांत मात्र कायम नोकरांपेक्षा कंत्राटी कामगारांची संख्या कितीतरी जास्त आहे. कमी भावाचा काही भार त्यांच्यावर पडतो, आणि कौतुकाच्या लेखांत याचा उल्लेख क्वचितच येतो.

मार्च 2017 मध्ये समभागांच्या खुल्या विक्रीतून कंपनीने सुमारे 1,870 कोटी रुपये उभे केले. 299 रुपयांना दिलेला समभाग पहिल्याच दिवशी दुपटीहून वर गेला. या पैशाचा मोठा भाग कर्जफेडीसाठी होता.

आसपासच्या वाण्यांशी असलेले नाते सरळ वैराचे नाही. मोठ्या सवलतीचा माल छोटे दुकानदारच इथून उचलून आपल्या गल्ल्यावर विकतात, आणि म्हणून काही वस्तूंना ग्राहकामागे नगांची मर्यादा घालावी लागते. वाण्याकडची वही, उधारी आणि घरपोच पिशवी यांना डी-मार्टकडे पर्याय नव्हता. झटपट घरपोच सेवांनी नेमकी तीच जागा पकडली. ब्लिंकिट आणि मुंबईतूनच 2021 मध्ये सुरू झालेला झेप्टो मिनिटांत सामान पोहोचवू लागले. ऑक्टोबर 2024 मध्ये महानगरांतल्या मोठ्या उलाढालीच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसत असल्याचे खुद्द नोरोन्हा यांनी मान्य केले, आणि समभाग कोसळला. कंपनीची स्वतःची ‘डी-मार्ट रेडी’ ही सेवा मुंबईत आधीपासून आहे. पण ती ठरावीक वेळेला मोठी ऑर्डर पोहोचवते आणि तोट्यात चालते. जानेवारी 2025 मध्ये नोरोन्हा यांचे उत्तराधिकारी म्हणून युनिलिव्हरमधल्याच अंशुल असावा यांचे नाव जाहीर झाले. जागा विकत घेण्याचा आणि बिले लवकर चुकवण्याचा परिपाठ तोवर तसाच चालू होता.