सार्कोसायफा कॉक्सिनिया

पेझिझेलीझ गणाच्या सार्कोसायफेसी कुलातील, लालभडक पेल्याच्या आकाराचे धानीकवक, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांत बीजुके (पुनरुत्पादक कण) तयार करणारी बुरशी. इंग्रजीतले रूढ नाव ‘स्कार्लेट एल्फ कप’. यूरोपातल्या दमट पानझडी जंगलांत ते ऐन हिवाळ्यापासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत उगवते. त्या दिवसांत झाडे निष्पर्ण असतात, त्यामुळे शेवाळ आणि कुजक्या पाचोळ्यातला हा लाल रंग लांबूनच डोळ्यांत भरतो.

पेला साधारण २ ते ५ सेंमी. रुंद. कोवळा असताना खोलगट आणि कड आत वळलेली. जून झाला की पसरट, कड फाटलेली. आतली बाजू गुळगुळीत लाल, बाहेरची फिकट गुलाबी-पांढुरकी व बारीक लव असलेली. देठ आखूड, बहुधा शेवाळात दडलेला. तो मातीतून आल्यासारखा वाटला तरी हलकेच उकरून पाहावे : खाली हेझेल, एल्म किंवा विलोची कुजकी डहाळी सापडते. अल्यूरिया ऑरँशिया या कवकापासून ते वेगळे काढायला एवढे पुरते. अल्यूरिया नारिंगी, बिनदेठाचे आणि उघड्या मातीवरच येणारे. सह्याद्रीत पावसाळ्यात पडक्या फांद्यांवर दिसणारे केसाळ कडेचे गुलाबी-नारिंगी पेले याच कुलातले, पण कुकिना प्रजातीचे.

खरा घोटाळा होतो तो सार्कोसायफा ऑस्ट्रिआका या सख्ख्या भावंडाशी. नुसत्या डोळ्यांना दोन्ही एकच. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र कॉक्सिनियाच्या बाहेरच्या लवेतले केस सरळ किंवा किंचित वाकलेले दिसतात, ऑस्ट्रिआकाचे मळसूत्रासारखे पिळलेले. बीजुकांची टोके पहिल्यात गोलसर, दुसऱ्यात बसकी. कवकतज्ज्ञ हान्स-ओट्टो बाराल यांनी १९८४ मध्ये या गटाची फेरतपासणी केली. म्हणून त्याआधीच्या नोंदी, आणि आजही केवळ फोटोवरून ठोकून दिलेली नावे, जपूनच घ्यावीत.

पेल्याच्या आतल्या लाल थरात सूक्ष्म पिशव्या, म्हणजे धानी, दाटीने उभ्या असतात. प्रत्येकीत ८ बीजुके आणि टोकाशी झाकण. पक्व पेल्याला धक्का लागला, वारा लागला की असंख्य झाकणे एकदम उघडतात. बीजुकांचा धुरकट फवारा उडतो, कान जवळ नेला तर बारीक फुस्स ऐकूही येते.

हे कवक खावे की नाही याबद्दल पुस्तकांत एकमत नाही. औषधी वापर मात्र नोंदलेला आहे : उत्तर अमेरिकेतील ओनायडा लोक नवजात बाळाची नाळ कापल्यावर बेंबी लवकर भरून आली नाही, तर याची वाळवून केलेली पूड तिथे लावत.